व्याजाविना भांडवल : मलेशियातील यात्रा-ठेवींचा धडा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्यापारी समाजाच्या व्यासपीठावर इस्लामी वित्तव्यवस्थेचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. पंधरा कर्मादाने आपल्याला परिचित आहेत. विषवाणिज्य, दंतवाणिज्य यांचा अर्थ या सभागृहात सांगावा लागणार नाही. कोणत्या व्यवसायातून धन मिळवू नये, हा विचार आपल्याला परका नाही. इस्लामी शास्त्राने त्यात व्याजाचीही भर घातली, आणि तेथूनच आजचा विषय सुरू होतो.

मलायातील ग्रामीण मुसलमान हजयात्रेसाठी आयुष्यभर पैसा साठवीत. बँकेत ठेवावा तर व्याज येते, म्हणून तो घरातच राही. तो अपुरा पडला की जमीन आणि गुरे विकली जात. यात्रेहून परतलेला मनुष्य पुण्यवान खरा, पण निर्धन होऊन परते. अर्थशास्त्रज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये यावर योजना सुचविली आणि १९६३ मध्ये यात्रेकरूंची बचत संस्था सुरू झाली. आज ती ताबुंग हाजी या नावाने ओळखली जाते. प्रारंभी तिचे अवघे १,२८१ ठेवीदार होते, पुढे ही संख्या नव्वद लाखांच्या वर गेली. ठेवीवर व्याज नाही. गुंतवणुकीतून नफा झाला तर त्याचा वाटा मिळतो, त्यास हिबा, म्हणजे भेट, म्हणतात.

हा पैसा गुंतवायचा कोठे? समभाग हा नफा-तोट्यातील भागीदारीचा दाखला असल्याने तो ग्राह्य ठरतो. पण कर्ज न घेणारी कंपनी शोधून सापडणे कठीण. म्हणून मलेशियाच्या रोखे आयोगाने १९९६ मध्ये धर्मज्ञांचे सल्लागार मंडळ नेमले आणि १९९७ मध्ये ग्राह्य समभागांची पहिली यादी प्रसिद्ध केली. २०१३ पासूनचे निकष पाहा. मद्य, जुगार, व्याजी बँकिंग यांचे उत्पन्न एकूण उलाढालीच्या पाच टक्क्यांखाली हवे, आणि व्याजी कर्ज एकूण मालमत्तेच्या ३३ टक्क्यांखाली. ही तडजोड आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती उघडपणे केलेली तडजोड आहे. वर्षातून दोनदा यादी निघते आणि कोणती कंपनी आत, कोणती बाहेर, हे सामान्य माणसालाही कळते. मुंबई शेअर बाजारानेही २०१० मध्ये असाच एक शरिया निर्देशांक सुरू केला.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु ही चाळणी व्यवसाय तपासते. समभागाचा भाव वाजवी आहे की नाही, हे ती तपासत नाही. अन्य देशांतील निधी बाजार पडला की व्याजी रोख्यांचा आश्रय घेतात, हा मार्ग येथे बंद. सुकूक नावाचे व्याजविरहित रोखे १९९० पासून निघू लागले, तरी ताबुंग हाजीचा मोठा पैसा समभाग, स्थावर मालमत्ता आणि तेलताडाचे मळे यांतच राहिला. उथळ बाजारातील मोठा गुंतवणूकदार सहज बाहेर पडू शकत नाही. तो विकू लागला की भाव त्याच्याच अंगावर कोसळतो.

२०१८ मध्ये सत्तांतर झाल्यावर लेखापरीक्षकांनी हिशेब पाहिले. २०१७ अखेरीस संस्थेची देणी मालमत्तेपेक्षा ४.१ अब्ज रिंगिटने अधिक होती. मालमत्ता देण्यांपेक्षा कमी असताना हिबा वाटू नये, असा कायदा आहे. तरीही हिबा वाटला गेला होता. आधीच्या व्यवस्थापनाला हा हिशेब मान्य नव्हता, आणि २०२२ मध्ये त्यावर चौकशी आयोगही नेमला गेला. पण मला लक्षणीय वाटते ते असे, की हा सगळा वाद मूल्यांकनाचा होता, व्यवसायाच्या ग्राह्यतेचा नव्हता. बाजारात पडलेल्या कंपन्या यादीत राहूनच पडल्या होत्या.

सरकारने १९.९ अब्ज रिंगिटची मालमत्ता अर्थ मंत्रालयाच्या कंपनीकडे वळविली, तीही बाजारभावापेक्षा बऱ्याच अधिक किमतीला. हा भार अर्थातच करदात्यांवर पडला, त्यांत मुसलमानेतरही आले. २०१७ साठी साडेचार टक्के हिबा आणि वर पावणेदोन टक्के यात्रा-बोनस मिळाला होता. २०१८ साठी हिबा सव्वा टक्का मिळाला, पुढील वर्षी ३.०५ टक्के. यात्रेची प्रतीक्षायादी मात्र कित्येक दशकांची आहे, आणि नाव येईपर्यंत ठेवीदाराची रक्कम याच संस्थेत असते.