मूठभर धान्य
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



जग सुधारावे असे कोणास वाटत नाही? परंतु 'आम्ही सामान्य माणसे, आमच्या हातून काय होणार?' असे म्हणून आपण मोकळे होतो. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुलखात मिळालेले आहे. त्याचे स्मरण द्यावे म्हणून आम्ही उभे आहोत.

सांगलीकडील वारणाकाठच्या दुधगावात १९१० च्या सुमारास भाऊराव पाटील व त्यांच्या स्नेह्यांनी गरीब मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला. गाठीस पैसा नव्हता. तेव्हा घरोघरी मूठभर धान्य मागण्यात आले. ज्या घरी रुपया नव्हता, त्या घरीही मूठभर जोंधळा होता. मूठ पन्नास ग्रॅमची धरली, तर रोजच्या एका मुठीचे वर्षाकाठी एका घराचे सव्वाअठरा किलो होतात. शंभर घरांचे सव्वाअठरा क्विंटल! देणाऱ्याच्या घरी भाकरी कमी पडली नाही आणि मुलांच्या पोटास अन्न मिळाले.

पुढे १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणिली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. आज त्या संस्थेच्या शेकडो शाखा आहेत.

बंधुभगिनींनो, या कथेस टाळ्या देणे सोपे आहे. आमच्यापुरते सांगावयाचे, तर ती ऐकताना आमची मान खाली जाते. पूर्वी एका विद्यार्थी साहाय्य निधीच्या पेटीची किल्ली आमच्याकडे होती. एके दिवशी परज्ञातीचा एक हुशार मुलगा परीक्षेच्या शुल्कासाठी अर्ज घेऊन आला. निधी आपल्या ज्ञातीपुरता, असा नियम होता. नियमावर बोट ठेवून आम्ही अर्ज परत केला. रक्कम अल्प होती. पेटीत ती होतीही. तो मुलगा पुढे शिकला की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. दुधगावी मूठ उघडली गेली. आम्ही ती मिटली.

जग बिघडते ते अशा लहान लहान नकारांनी, आणि सुधारते तेही लहान लहान होकारांनीच. म्हणून आमची दोनच मागणी आहेत. प्रत्येक घरी चुलीजवळ एक डबा ठेवावा व स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य त्यात टाकावे. लग्नाच्या पंगतीत पानात टाकून दिले जाणारे अन्न वाचवून त्याचे मोलही त्यातच घालावे. आणि आपल्या निधीच्या नियमातील 'ज्ञातीतील' हा शब्द काढून तेथे 'गरजू' हा शब्द घालावा. याने आपली ज्ञाती लहान होणार नाही. तिचे अंगण मोठे होईल.

पहिले काम आज रात्री प्रत्येक घरच्या माउलीने व पुरुषानेही करावे. दुसरे या सभेने करावे. ठराव मांडण्यास आम्ही सिद्ध आहोत.