राखीव आसन

एस. टी.च्या गाडींतून ज्यांनीं प्रवास केला आहे, त्यांनीं पुढच्या बाजूच्या एका बाकाजवळ रंगविलेलीं अक्षरें खचित वाचलीं असतील : 'आमदार-खासदार'. जवळच महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक यांच्यासाठीं राखून ठेविलेल्या जागा असतात. शिक्षकाच्या नोकरींत तिसांहून अधिक वर्षें मीं ह्या गाड्यांनीं ये-जा केली. बाकी सर्व जागांचे धनी कधीं ना कधीं मला भेटले. त्या एका जागेचा धनी मात्र एकदांही भेटला नाहीं. तेथें बहुधा एखादी भाजीवाली बसे, आणि तिची पाटी तिच्या पायांपाशीं. एकदां माझ्याच शाळेंतील चौथीच्या एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, आमदार कुठल्या थांब्यावर चढतात?" मीं त्यास पाढे म्हणावयास सांगितलें.

विधिमंडळाच्या सदस्यांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य आहे, तेव्हां प्रश्न पैशाचा नव्हे. वेळेचा आहे, हें मी मान्य करतों. ज्याला शेंकडों गांवें सांभाळावयाचीं, त्यानें रोज थांब्यावर ताटकळत बसावें असें म्हणणें अडाणीपणाचें होईल. माझें गाऱ्हाणें निराळें आहे. जी गोष्ट स्वतःच्या अंगावरून जात नाहीं ती कागदावरून कळते, आणि कागदावर सर्व गाड्या वेळेवर सुटतात.

हें गाऱ्हाणें नवें नाहीं. १९१५ सालीं हिंदुस्थानांत परत आल्यावर गांधीजी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गानें हिंडूं लागले, आणि १९१७ च्या सप्टेंबरांत त्या वर्गाच्या हालांविषयीं त्यांनीं वृत्तपत्रांना एक विस्तृत पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं असें सुचविलें कीं, व्हाइसरॉय, सरसेनापति, राजेमहाराजे आणि कायदेमंडळाचे सभासद यांनीं अधूनमधून तिसऱ्या वर्गाचा अनुभव घ्यावा. मात्र आगाऊ वर्दी न देतां. सगळें मर्म ह्या शेवटच्या अटींत आहे. वर्दी दिली कीं काय होतें, तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

मी ज्या एका गांवीं शिकवीत होतों, तेथें नऊ किलोमीटरांवरील वाडीहून सात मुली सकाळच्या गाडीनें येत. मुलींना सरकारकडून मोफत पास मिळे. तो त्या कंपासपेटींत जपून ठेवीत. एका वर्षीं ही गाडी आधीं उशिरा येऊं लागली, मग एक दिवसाआड, मग लहर लागेल तशी. मीं तीन अर्ज केले. फेरी नियमितपणें चालू आहे, असें उत्तर आलें. दिवाळीपर्यंत सातांच्या चार मुली राहिल्या, आणि वार्षिक परीक्षेस दोनच बसल्या. पासाची मुदत सर्वांचीच शिल्लक होती.

त्याच वर्षीं थांब्यावरील नव्या निवाऱ्याच्या उद्घाटनास एक पुढारी आले. त्या दिवशीं गाडी घड्याळाच्या काट्यावर आली, तीही धुतलेली आणि हार घातलेली. साहेब आंत बसले, छायाचित्रें निघालीं, आणि पुढच्या थांब्यावर त्यांची मोटार उभी होती तेथें ते उतरले. चढण्यापूर्वीं त्यांनीं माझ्याकडे वळून मोठ्या आपुलकीनें विचारलें, "काय गुरुजी, गाडीची कांहीं अडचण नाहीं ना?" समोर गाडी उभी, भोंवतीं सारा गांव, हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते. मीं म्हटलें, "नाहीं साहेब." त्या पांच मुलींच्या बाबतींत माझा वांटा एवढा आहे, आणि तो मी दुसऱ्या कोणावर ढकलूं शकत नाहीं.

मुंबईच्या श्रोत्यांना हें खेड्यांतलें रडगाणें वाटेल. परंतु एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा जिना अरुंद आहे, ही गोष्ट तो रोज चढणाऱ्या कारकुनास आणि फुलवालीस वर्षानुवर्षें ठाऊक होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं ऐन पावसांत तेथें चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मेलीं. त्यानंतर लष्करास बोलावून नवा पूल बांधविला, आणि तो पुढच्या फेब्रुवारींतच खुला झाला. म्हणजे पूल बांधणें अवघड नव्हतें.

सर्वांनाच एका मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. सांगोल्याहून अकरा वेळां विधानसभेवर निवडून गेलेले गणपतराव देशमुख एस. टी.नें प्रवास करीत, हें त्या भागांत सर्वांस माहीत होतें. ते २०२१ सालीं वारले. मधु दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील लांकडी फळ्यांवर दोन इंची गादी आली ती त्यांच्या कारकीर्दींत. उघड्या फळीवर ज्यानें एक रात्र काढली असेल, त्याला त्या दोन इंचांची किंमत विचारा.

अलीकडे सवलती पुष्कळ झाल्या. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धें तिकीट झालें, आणि माझ्यासारख्या पासष्टी उलटलेल्यांसही अर्धेंच आहे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडें १४.९५ टक्क्यांनीं वाढलें, त्याचीही चर्चा झाली. तिकिटाचे आंकडे मुंबईंत बसून करतां येतात, म्हणून त्यांची चर्चा होते. आमच्या थांब्यावरची एक म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, अर्धं तिकीट घ्यायला आधी गाडी तर यावी."

मागल्या महिन्यांत तालुक्याला जातांना गाडींत दुसरी जागाच नव्हती, म्हणून मी त्या राखीव बाकावर टेकलों. कंडक्टर ओळखीचा निघाला, माझाच एक जुना विद्यार्थी. मीं विचारलें, "कोणी आलें तर उठावें लागेल काय रे?" तो हंसला आणि पुढें तिकिटें फाडीत गेला. गाडी पाऊण तास उशिरा होती, आणि दारांत उभ्या असलेल्या दोन मुली दप्तरें पोटाशीं धरून पुनःपुन्हा घड्याळ पाहत होत्या. मीं त्यांना सरकून जागा करून दिली.