दिवेलागण आणि खुराड्याचे दार



या व्यासपीठावर कोंबड्यांचा विषय काहींना हलका वाटेल. पण आपल्या दर्यापूर भागाचा विचार करा. कापसाचा पैसा हंगामाला येतो, आणि येण्यापूर्वीच त्याच्या वाटण्या झालेल्या असतात. अंड्यांचा पैसा मात्र आठवडी बाजाराला हाती पडतो आणि तो बहुधा घरच्या बाईपाशी राहतो. एका रात्रीत खुराडे रिकामे झाले की तिचा बटवा रिकामा होतो. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

प्रथम कोंबडीकडे पाहू. दिवसा ती मोठी सावध असते. घारीची सावली दिसली तरी पिलांना हाक घालते. परंतु मंद उजेडात पाहण्याची शक्ती तिच्या डोळ्यांत फार थोडी. अंधार पडला की ती जागची हलत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी ‘वनराजा’ ही जात तयार केली, तेव्हा तिच्या पायांच्या लांबीकडे मुद्दाम लक्ष दिले. पण डोळ्यांना दिसत नसेल तर लांब पाय रात्री काय कामाचे?

आता शत्रूकडे वळू. रानमांजर, उदमांजर, कोल्हा आणि मोकाट कुत्री हे रात्रीचे पाहुणे. अंड्यांवर व पिलांवर घुशीची आणि सापाची नजर. मुंगूस हा दिवसाचा चोर. लोक विचारतात, ‘खाल्ली एक, मग मारल्या दहा कशाला?’ हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 साली याच प्रश्नावर निबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर अगदी काळोख्या रात्री कोल्हे कुरव पक्ष्यांचा संहार करीत आणि बहुतेक तसेच टाकून जात. अंधारात पक्षी उडत नसत, आणि भक्ष्य समोर आहे तोवर शिकाऱ्याचा झडप घालण्याचा आवेग थांबत नसे. आपले उघडे राहिलेले खुराडे म्हणजे हाच प्रकार. त्यात दुष्टपणा नाही. दार उघडे होते, एवढेच.

दार उघडे का राहते? वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कोंबड्या गुदमरतील म्हणून दार लोटून ठेवतात. याला उपाय जाळी. पण बाजारातली पातळ षटकोनी जाळी कुत्रा दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची, वेल्डिंग केलेली जाड जाळी दोन बाजूंना लावा, वाराही खेळेल. खुराडे दोन-तीन फूट उंच पायांवर ठेवा. ते जमिनीवरच असेल तर जाळी भोवताली फूटभर खोल पुरा, कारण आपली काळी माती पावसाळ्यात सहज उकरली जाते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दाराला नुसती कडी पुरत नाही. कोयंड्यात खिळा घाला. जळणासाठी रचलेला पऱ्हाटीचा ढीग खुराड्यापासून दूर न्या. घुशी, साप आणि मांजरे तेथेच दबा धरतात. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून काढा. आणि दिवेलागणीला कोंबड्या मोजूनच दार लावा.

एक गोष्ट कृपा करून करू नका. मेलेल्या कोंबडीला विष लावून ठेवू नका. ते शेजाऱ्याचे कुत्रे खाईल, एखादे पोरही त्याला हात लावील. रानमांजर आणि कोल्हा यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय रानमांजर, धामण आणि घुबड हीच आपल्या शेतातल्या उंदरांचा फडशा पाडतात. परसातला चोर शिवारात आपला राखणदार असतो. त्याला मारून उंदीर वाढतील, आणि उंदीर पुन्हा खुराड्यातच येतील.

हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते रोजचे आहे. घरात ते कोणाचे, हे ठरलेले नसले की सगळ्यांना वाटते दुसऱ्याने केले असेल. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच ठरवा, की संध्याकाळी दार कोण लावणार. आणि तो भार पुन्हा त्या एकट्या बाईवरच टाकू नका.