सायकलस्वार फाउस्तो कोप्पी

सायकल आपल्याला नवी नाही. तिच्यावरून दुधाच्या किटल्या जातात, शाळेची पोरं जातात, डबलसीट बसून पाहुणे बाजारालाही जातात. पण सायकल चालवणे हाच धंदा आणि त्याचाच पगार, अशी माणसे युरोपात शंभराहून अधिक वर्षे आहेत. त्यांपैकी इटलीच्या फाउस्तो कोप्पीविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

कोप्पी १९१९ साली कास्तेल्लानिया नावाच्या डोंगरातल्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शाळेत मन रमेना, म्हणून लहान वयातच तो नोव्ही लिगुरे या गावी एका खाटकाकडे कामाला लागला. गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून माल पोचवायचा, हे त्याचे काम. पाय तयार झाले ते इथे. त्याच गावात काव्हान्ना नावाचा एक आंधळा मालिशवाला राहत असे. त्याने या हडकुळ्या पोराला हाताशी धरले आणि शिस्त लावली.

आता या धंद्याची रीत ऐका. शर्यत दिसते एकेकट्याची, पण असते संघाची. एक म्होरक्या आणि बाकीचे त्याचे गडी. पुढच्याच्या मागे चाकाला चाक लावून गेले की वारा त्याला लागतो, आपली दमछाक कमी होते. समोरच्या वाऱ्यात कधी सायकल मारली असेल तर तुम्हांला हे लगेच पटेल. गड्यांनी वारा अंगावर घ्यायचा, पाणी आणून द्यायचे, वेळ पडली तर आपले चाक काढून म्होरक्याला द्यायचे.

१९४० सालच्या इटलीच्या मोठ्या शर्यतीत कोप्पी असाच गडी होता. म्होरक्या होता जिनो बार्ताली. वाटेत कुत्रे आडवे आले, बार्ताली पडला, मागे राहिला, आणि विसाव्या वर्षी गड्यानेच साडेतीन हजार किलोमीटरांची ती शर्यत जिंकली! तारीख ९ जून. दुसऱ्याच दिवशी इटली महायुद्धात उतरली. पुढे कोप्पी फौजेत गेला, १९४३ साली ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती सापडला. उमेदीची वर्षे अशी गेली.

पण परतल्यावर त्याने जे केले ते पाहा. १९४९ साली त्याच शर्यतीत एका दिवसाचा टप्पा होता २५४ किलोमीटरांचा, वाटेत आल्प्स पर्वताचे पाच घाट. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. तिथला इझोआर घाट २३०० मीटरांच्याही वर. रस्ते बरेचसे कच्चे. कोप्पी पहिल्याच घाटात पुढे निसटला आणि १९२ किलोमीटर एकटाच गेला. वारा अडवायला कोणी नाही. दुसरा आलेला बार्ताली जवळजवळ बारा मिनिटे मागे होता. त्याच साली त्याने फ्रान्सची शर्यतही मारली. एकाच वर्षी या दोन्ही जिंकणारा तो पहिला. १९५२ मध्ये त्याने हे पुन्हा केले.

शर्यतीत उत्तेजक औषधे घेतो, हे त्याने लपवले नाही. ते मला भूषणावह वाटत नाही, पण सांगितले पाहिजे. दुःखही वाट्याला आले. धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलस्वार. १९५१ साली ट्रामच्या रुळाशी त्याची सायकल घसरली. पठ्ठ्याने उठून शर्यत पुरी केली आणि काही तासांतच तो गेला.

डिसेंबर १९५९. कोप्पी आणि त्याचा फ्रेंच मित्र राफाएल जेमिनियानी आफ्रिकेत अप्पर व्होल्टात, म्हणजे आजच्या बुर्किना फासोत, शर्यतीला आणि शिकारीला गेले. एकाच खोलीत झोपले, दोघांनाही डास चावले. घरी परतल्यावर दोघेही तापाने फणफणले. फ्रान्समध्ये जेमिनियानीचे रक्त तपासले, हिवताप निघाला, क्विनाइन सुरू झाले. बेशुद्धीतून तो परत आला. इटलीत कोप्पीच्या डॉक्टरांनी दुसराच आजार धरला. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोनाच्या इस्पितळात तो वारला. वय चाळीस.

जेमिनियानी २०२४ सालापर्यंत, वयाच्या ९९ व्या वर्षापर्यंत जगला.