स्वभावाला औषध आहे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात कुणी हेकट असला, कुणी शीघ्रकोपी असला, की आपण ही म्हण उच्चारतो आणि विषय संपवतो. जमिनीवर हे चालून जाते. पण विमान चालवणाऱ्याचा स्वभाव हा त्याच्या घरच्यांपुरता प्रश्न नसतो. त्याच्या पाठीमागे दीड-दोनशे माणसे पट्टे बांधून बसलेली असतात. त्यांनी त्याचा चेहराही पाहिलेला नसतो.

विमान अपघात म्हटले की आपल्याला बंद पडलेले इंजिन आठवते, वादळ आठवते. ती कारणे असतातच. परंतु काही मोठे अपघात असे आहेत, की यंत्र धडधाकट होते, वैमानिकही कसलेला होता, आणि तरीही घात झाला.

२७ मार्च १९७७ चा दिवस. अटलांटिक महासागरात स्पेनचे तेनेरीफ नावाचे बेट आहे. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने इथल्या लहान विमानतळाकडे वळवली होती. दाट धुके उतरले होते. केएलएम या डच कंपनीचे जम्बो विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि त्याच धावपट्टीवरून अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचे जम्बो हळूहळू पुढे येत होते. डच कॅप्टन हा कंपनीतला नामांकित माणूस. इतरांना शिकवणारा, कंपनीच्या जाहिरातीत त्याचे छायाचित्र झळकलेले. उशीर झाला होता, कामाच्या तासांची मर्यादा जवळ येत चालली होती. त्याने इंजिनांचा जोर वाढवला, तेव्हा परवानगी मिळाली नसल्याची आठवण सहवैमानिकाने करून दिली. तो थांबला. पुढे हवेत कोणत्या मार्गाने जायचे याच्या सूचना मिळाल्या. धावपट्टी सोडण्याची परवानगी मात्र मिळालेली नव्हती. कॅप्टन निघाला. या वेळी सहवैमानिकाने त्याला अडवले नाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने तेवढे विचारले, की ते दुसरे विमान अजून बाजूला झालेले नाही का? झाले, असे कॅप्टनने ठासून सांगितले. काही क्षणांत दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे गेली. धुके होते, रेडिओवरचे संदेश एकमेकांत मिसळले होते, हे सारे खरे. तरीही शंका घेणारा एक माणूस त्या कॉकपिटमध्ये होता आणि त्याची शंका बरोबर होती.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांच्या प्रशिक्षणात पाच घातक वृत्ती सांगितल्या आहेत. पहिली, ‘मला सांगणारे तुम्ही कोण?’ दुसरी, ‘आधी काहीतरी करून टाकू.’ तिसरी, ‘मला काही होत नाही.’ चौथी, ‘बघा, मी करून दाखवतो.’ आणि पाचवी, ‘आता माझ्या हातात काय आहे?’ या पाचही वृत्ती आपल्या ओळखीच्या आहेत. घाटात वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या चालकात यातल्या तीन तरी एकदम सापडतील!

गंमत अशी, की प्रत्येक वृत्तीवर तिथे एक उतारा दिला आहे. विषावर असतो तसा उतारा. नियम बहुधा बरोबरच असतात, ते पाळ. घाई नको, आधी विचार कर. हे माझ्याही बाबतीत घडू शकते. धोका पत्करणे हा मूर्खपणा आहे. आणि मी असहाय नाही, मी काही करू शकतो. वैमानिकाने आपल्या मनात उठलेली वृत्ती ओळखायची आणि तिचा उतारा मनाशी म्हणायचा. शेवटचा उतारा मला विशेष जवळचा वाटतो. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण ऐकत आम्ही मोठे झालो. नशिबावर हवाला ठेवून हात जोडून बसणे ही श्रद्धा नव्हे.

पण आपला दोष आपल्यालाच दिसेल याची खात्री काय? म्हणून दुसरे औषध निघाले. १९८१ मध्ये युनायटेड या अमेरिकन कंपनीने आपल्या वैमानिकांसाठी एक नवे प्रशिक्षण सुरू केले. पुढे त्याला ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे नाव रूढ झाले. कनिष्ठाने स्पष्ट बोलायचे आणि वरिष्ठाने ते ऐकून घ्यायचे, हा त्याचा गाभा. ऐकायला सोपे वाटते. पण आपल्याकडे ‘साहेब, तुम्ही चुकताय’ असे किती कचेऱ्यांत म्हणता येते? आपण म्हणतो, ‘साहेब, जरा एकदा बघून घेता का?’ मी कविता लिहितो. कवितेत सूचकता हा मोठा गुण आहे. धावपट्टीवर मात्र तीच सूचकता जिवावर बेतते.

हे औषध लागू पडते का? १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्याच एका विमानाचे शेपटीतील इंजिन फुटले आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. अशा प्रसंगासाठी पुस्तकात काही लिहिलेलेच नव्हते. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांना विचारले. प्रवासी म्हणून आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतले. त्या चौघांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव कामी आला. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करीत त्यांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानातील २९६ पैकी १८४ जण वाचले. त्या प्रशिक्षणाचे ऋण हेन्स पुढे जाहीरपणे सांगत राहिले.

मात्र औषध कपाटात ठेवून गुण येत नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जणांचा बळी गेला. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेला होता. विमान फार उंचावरून उतरत होते. विमान पुन्हा वर घ्या, असे सहवैमानिकाने तीनदा सांगितले. यंत्रही इशारे देत होते. कॅप्टनने उतरण्याचा हेका सोडला नाही.

त्या अहवालातले आणखी एक निरीक्षण मला अधिक अस्वस्थ करते. सहवैमानिकाने सांगितले, पण विमान स्वतःच्या ताब्यात घेतले नाही. याचे संभाव्य कारण असे दिले आहे, की त्याला तसा अधिकार आहे की नाही, याविषयीच्या सूचनाच संदिग्ध होत्या. म्हणजे दोष एका माणसाच्या हट्टाशी थांबत नाही. त्या हट्टाला कुणी, कधी आणि कसे अडवायचे, हे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवण्याची जबाबदारी जमिनीवर बसलेल्यांची असते. पहिल्यांदा सांगितले तेव्हाच ऐकले जाईल, आणि नाही ऐकले तर कनिष्ठाला पुढे होऊन हात घालता येईल, अशी सोय त्यांनी करून ठेवायची असते.

स्वभाव कुणाचा लगेच बदलत नाही, हे म्हण रचणाऱ्यांना ठाऊक होते. पण त्या स्वभावाच्या शेजारी कुणाला बसवायचे आणि त्याला किती बोलू द्यायचे, हे आपल्याला ठरवता येते. पाठीमागे पट्टे बांधून बसलेल्यांना तेवढेच औषध पुरेसे आहे.