पडायची शिकवणी
(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

प्रवासावर काहीतरी बोला, असा कार्यकारिणीचा निरोप आला, म्हणून श्रीलंकेबद्दल बोलतो. पण शेवटी आपल्या मंडपातच यायचं आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं चार दिवस वेलिगमला होतो. कोलंबोहून समुद्राच्या कडेकडेने जाणारी आगगाडी गॉलवरून तिथे पोचते. सिंहलीत वेलि म्हणजे वाळू, गम म्हणजे गाव. आपली वाळू आणि आपला ग्राम त्यात ऐकू येतात. तिथल्या उपसागराचा तळ बराचसा वाळूचा, म्हणून सर्फिंग शिकणारे नवखे तिथे येतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम.

चौदा वर्षांच्या लेकीने हट्ट धरला, म्हणून मीही नाव दिलं. आधी वाळूवर धडे. फळीवर पोटावर झोपायचं, तळवे छातीशी, एका झटक्यात उभं राहायचं, गुडघे वाकलेले, नजर समोर. पायांकडे पाहिलंत की पडलात! मागच्या पायाच्या घोट्याला फळीची दोरी. मग शिकवणाऱ्या विशीतल्या पोराने पडायचं कसं ते शिकवलं. पाणी उथळ, म्हणून डोक्यावर नाही, आडवं पसरून पडायचं. वर येताना हात डोक्यावर धरायचे, फळी कुठून येईल नेम नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. सरकारी नोकरीत वीस वर्षं कालवे मोजले. कालव्यात पाणी पुढे वाहतं. लाटेत ते जवळपास जागच्या जागी फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. किनाऱ्याशी तळ उथळ झाला की लाटेचा पाय अडतो, डोकं पुढे जातं आणि ती फुटते. हे सगळं ठाऊक असूनही पहिल्या दिवशी मी एकदाही उभा राहिलो नाही.

किती वेळा पडलो, मोजलं नाही. तो पोरगा फळी वळवून धरायचा आणि म्हणायचा, "वन मोअर, सर." लेक दुसऱ्या दिवशी उभी राहिली. मी तिसऱ्या दिवशी, फार तर तीन सेकंद.

त्या रात्री लेक म्हणाली, "बाबा, यहाँ गिरने पर कोई हँसता नहीं. मंडळात सगळे हसले होते."

मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी याच मंचावर ती गोष्ट सांगत होती. "माझी आवाज येते का?" असं तिने विचारलं आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले. पहिल्या रांगेत मीही हसलो. त्यानंतर तिने इथे नाव दिलं नाही, आणि घरीही मला हिंदीतच उत्तरं देऊ लागली. मी समजत होतो, पोरीला मराठीचा कंटाळा आलाय.

मंडळी, इंदुरात वाढणारी आपली मुलं हिंदीतून मराठीत येताना धडपडणारच. उद्या मुलांचा कार्यक्रम आहे. कुणी "माझी आवाज" म्हणेल. हात जोडून विनंती करतो, हसू नका. चूक नंतर, घरी, हळूच सांगू.

यंदा लेकीने नाव दिलं आहे. तिचा क्रमांक पाचवा. मी पहिल्याच रांगेत बसणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!