नळाचा दिवस आणि मुलीचा तास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी सतरंजीवर मागे बसून इतरांची भाषणे ऐकते आणि चहाची वेळ झाली की उठते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या खेड्यातली शाळा सातवीला संपत होती, पुढची शाळा दुसऱ्या गावी. तेव्हा हायस्कुलातल्या मुलांच्या अभ्यासाला घरातून हातभार कसा लावावा, या विषयावर मी काय बोलणार, असे मी त्यांना म्हटले. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी झाले तेवढेच सांगा." तेवढेच सांगते. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून मोबाईलवर शाळा सुरू झाली, हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. माझी मुलगी तेव्हा आठवीत गेली होती. त्या वेळी सगळ्याची नवलाई होती. ती वेणीफणी करून, गणवेश घालून मोबाईलपुढे बसे. बाई कशा दिसतात ते पाहायला सासूबाईसुद्धा डोकावत. त्या वर्षी तिने वर्गाचे तोंड जेमतेमच पाहिले, आणि एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीची सारी मुले परीक्षेवाचून वरच्या वर्गात गेली. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातल्या आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. सुटलो बाई एकदाच्या, असे आपण म्हटले. तीन महिने होतात न होतात तोच तिसरी लाट आली, आणि १० जानेवारी २०२२ पासून शाळा पुन्हा घरी आली.

भगिनींनो, मला बोलायचे आहे ते या पुन्हा आलेल्या शाळेबद्दल. पहिल्या खेपेला सगळेच नवे होते, म्हणून आपण मुलांच्या मागे मागे होतो. दुसऱ्या खेपेला आपल्याला वाटले, आता यांना सवय आहे, यांचे हे पाहतील. सवय झाली होती हे खरे, पण कसली? कॅमेरा बंद, आवाज बंद, यादीत नाव हजर, आणि वही कोरी.

आमच्या घरात दोन मोबाईल. एक यांच्याजवळ, तो सकाळीच वाळूजला कारखान्यात जाई. दुसरा माझा. मुलगा अकरावीत, मुलगी नववीत, आणि दोघांचे तास एकाच वेळी. मी मोबाईल मुलाला दिला. कोणी विचारले तर त्याचे सायन्स आहे असे सांगे. पण खरे सांगायचे तर मी विचारच केला नाही, हात आपोआप त्याच्याकडे गेला. मुलीला म्हटले, मैत्रिणीची वही आणून उतरवून घे.

त्यातून आपल्या भागातले पाणी. त्या वर्षी नळाला पाच-सहा दिवसांआड पाणी येई, कधी आठवडाही लोटे, हे तुम्हांला सांगायला नको. आणि ते यायचे नेमके सकाळी. नळाचा दिवस उजाडला की मुलाच्या हाती मोबाईल आणि मुलीच्या हाती हंडा. ड्रम, टाकी, कळशा, शेवटी पातेली आणि ताटल्यासुद्धा.

एका नळाच्या दिवशी तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. "मुलगी आजारी आहे का?" मी म्हटले, "नाही हो." "मग तासाला का नसते?" मी पदराला हात पुसत आतल्या खोलीत गेले. तर मोबाईल उशाशी, मास्तर एकटेच बोलताहेत, आणि आमचे चिरंजीव गोधडीत घोरताहेत. बाहेर मुलगी भिजल्या फ्रॉकने ड्रम भरत होती.

त्या रात्री मुलगी भाकरी खाता खाता म्हणाली, "आई, मला आता गणित कळत नाही. दहावी काही जमणार नाही. राहू दे."

ते "राहू दे" ऐकून माझा घास तिथेच थांबला. सातवी झाल्यावर मीही माझ्या दादांना असेच सांगितले होते, मला नाही जायचे पुढच्या शाळेत. जायचे नव्हते असे नाही. पण रोज एवढ्या लांब हिला कोण पोचवणार, ही त्यांची विवंचना मला दिसत होती. दादांनी लगेच 'बरं' म्हटले. इतक्या लवकर म्हणतील असे वाटले नव्हते.

मी मुलीला 'बरं' म्हटले नाही. पण पुढे काय करावे तेही कळेना, कारण तिचे पुस्तक उघडले तर मला त्यातले अक्षर न अक्षर वाचता येई आणि अर्थ काही लागेना.

दुसऱ्या दिवशी एक कागद घेतला आणि दोघांचे तास लिहून तो पिठाच्या डब्यावर चिकटवला. ज्या तासाला बाई-मास्तर फळ्यावर करून दाखवतात, म्हणजे गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे व्याकरण, तो ज्याचा असेल त्याला मोबाईल. बाकीचे वही आणून. मुलाने तोंड फुगवले, त्याला यांनी समजावले. नळाचे काम मुलाकडे आणि माझ्याकडे आले. सासूबाई म्हणाल्या, "पोराने हंडे भरायचे?" मी म्हटले, "आत्याबाई, हंड्याला काय कळतंय कोण भरतंय?" त्या हसल्या नाहीत, पण पुन्हा बोललेही नाहीत.

संध्याकाळी हे घरी आले की त्यांचा मोबाईल मोकळा. बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांवर काळेपांढरे ठिपक्यांचे चौकोन असतात ना, ते मी इतके दिवस नक्षी समजत होते! दीक्षा नावाच्या अ‍ॅपमधून मोबाईल त्यावर धरला की त्या धड्यासाठी ठेवलेले साहित्य उघडते. सकाळचे बुडालेले रात्री पाहता येते, हे मला मुलीनेच दाखवले.

शिवाय रोज मी पोळ्या लाटत असताना तिने ओट्याशी बसून त्या दिवशीचे मला सांगायचे, असे ठरवले. मला समजले पाहिजे, ही अट. एकदा धडा होता 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. मी म्हटले, असले नाव मला नको, बाजारातले सांग. तिने डोके खाजवले आणि म्हणाली, "दोन किलो कांदे आणि एक किलो बटाटे मिळून ऐंशी रुपये. एक किलो कांदे आणि एक किलो बटाटे मिळून पन्नास. तर भाव काय?" मी लाटता लाटताच म्हटले, "अगं, फरक एका किलो कांद्याचाच ना? कांदा तीस, बटाटा वीस." ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग तिने वहीत एकाखाली एक दोन ओळी मांडल्या आणि खालची वरच्यातून वजा केली. तेच उत्तर आले. "आई, बाईंनी हेच केलं होतं गं!" त्या दिवशी एक पोळी करपली.

सगळे असे सोपे नव्हते. पुष्कळदा ती सांगता सांगता अडे आणि मला काही मदत करता येत नसे. मग जिथे अडले तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी तासाला बाईंना तेच विचारायचे. 'मला गणित येत नाही' असे म्हणणारी मुलगी 'मला ही तिसरी ओळ येत नाही' असे म्हणू लागली.

लिहिण्याची सवय मात्र पार गेली होती. ही गोष्ट बोर्डालाही मान्य होती. २०२२ च्या दहावीच्या मुलांना म्हणूनच मोठ्या पेपरला अर्धा तास जादा दिला, अभ्यासक्रम पाऊण ठेवला आणि परीक्षा ज्याच्या त्याच्या शाळेत घेतली. आमच्या मुलीची दहावी त्याच्या पुढच्या वर्षी होती. तेव्हाही सवलत मिळेल या आशेवर बसायचे नाही, असे मी ठरवले. रोज रात्री भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून तिने वीस मिनिटे न थांबता लिहायचे. घड्याळ पाहायला माझी सातवी पुरली. पहिल्या दिवशी अर्धे पान झाले आणि बोट दुखले म्हणून ती रडली. शाळा उघडल्यावरही आम्ही हे चालू ठेवले. २०२३ ला पूर्ण अभ्यासक्रमावर परीक्षा झाली. गणितात तिला बेताचेच गुण मिळाले, पण पास झाली आणि पुढे शिकते आहे.

मुलाचे मात्र मला साधले नाही. सोळा वर्षांचा मुलगा आईजवळ ओट्याशी बसून काय सांगणार? तो अकरावी कशीबशी निघाला. आधीच त्याच्या खोलीत डोकावायला हवे होते, असे अजून वाटते. ज्यांना थोरली मुले आहेत आणि ज्यांना जमले आहे, त्यांनी पुढल्या बैठकीत जरूर सांगावे.

आता हे जुने कशाला उगाळायचे, असे कोणी म्हणेल. पण २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्लीची हवा इतकी बिघडली की तिथल्या शाळा काही दिवस पुन्हा मोबाईलवर भरल्या. आपल्याकडेही कधी कशाने बंद होतील, सांगता येत नाही.

शेजारच्या वहिनींच्या मुलीकडे त्या जानेवारीत मोबाईलच नव्हता. तिला आणि आणखी दोघींना आपण मंडळाच्या पापडाच्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवून, लांब लांब बसवले होते. एक मोबाईल डब्यावर उभा करून तिघी ऐकत. त्या खोलीत नळ नाही, आणि कोणी हाक मारत नाही. ती खोली सकाळी अकरापर्यंत रिकामीच असते. तिची किल्ली माझ्याकडे आहे. कोणाच्या मुलीला अभ्यासाला जागा हवी असेल तर आदल्या रात्री सांगावे, मी साडेसातला उघडून ठेवीन.